गप्प राहण्याची वर्गणी

थॉर्नबेक
रविवार, २ ऑक्टोबर १९९४

प्रिय ईनिड,

फोन केला की फिलिस उचलते आणि "ती आहे, पण बोलत नाही" असं सांगून ठेवून देते. मावसबहिणीवर रागावता येत नाही, म्हणून हे पत्र. तसंही तुला काही सांगायचं तर पत्रच बरं. अठ्ठेचाळीस वर्षांत तुझ्यासमोर माझं एखादं वाक्य पूर्ण झाल्याचं मला आठवत नाही. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. खोडलं असतं, पण घरात हा एकच कागद शिल्लक आहे.

इकडे सगळं ठीक. चॅपेलचा बॉयलर पुन्हा खोकतोय. मेंढरांनी पाडलेली एमसची वरच्या कुरणाची भिंत मी सप्टेंबरभर रचत होतो. पोस्टाच्या खिडकीत तुझ्या जागी आठवड्यातून दोन दिवस स्किप्टनहून एक मुलगी येते. पार्सल तोलते, किंमत सांगते, ठप्पा मारते. संपलं. परवा एमस तिकीट घ्यायला गेला आणि दीड मिनिटात बाहेर आला. मला पुलाजवळ म्हणाला, "आत काही नव्हतंच रे."

"तिकिटं संपली?"

"तिकीट मिळालं. बाकी काही नव्हतं."

नोव्हेंबरातला तो शुक्रवार जवळ येतोय. काल चॅपेलच्या मागच्या खोलीत त्याची पहिली बैठक झाली. अध्यक्षाची खुर्ची चौदा वर्षं तुझी, त्यामुळे तिच्यात कोणी बसेना. चाळीस मिनिटं सगळे बिस्किटं खात एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी सगडेन खाटीक म्हणाला, "एवढ्या वेळात ईनिडने तीन समित्या नेमल्या असत्या." मग गेल्या वर्षी याच खोलीत आपण काय काय बोललो ते प्रत्येकाला आठवलं.

गेल्या वर्षीचं मी उकरून काढणार नव्हतो. पण तो दिवस माझ्या बाजूने कसा दिसला हे तुला कधी सांगितलं नाही, आणि तू बोलत नाहीस तोवर सांगून घेतो.

टीव्हीवाले त्या एका संध्याकाळी आजारी आणि अडलेल्या मुलांसाठी पैसे मागतात, आणि त्यासाठी गावोगावची शहाणी माणसं काहीतरी खुळेपणा करायचं कबूल करून शेजाऱ्यांकडून कागदावर आकडे लिहून घेतात. कोणी बीन्सने भरलेल्या टबात बसतं, कोणी मिशी उतरवतं. तू चोवीस तास गप्प बसायचं ठरवलंस. कल्पना तुझीच होती, एवढं नम्रपणे नोंदवतो. तुला वाटलं, लोक हसतील आणि पाउंड-दोन पाउंड लिहितील. त्याच्या आदल्या वर्षी सगळ्या गावाचे मिळून दोनशे बारा झाले होते. तुझ्या एकटीच्या कागदावर अकराशे चाळीस झाले. वरच्या शेतांवरून माणसं पावसात चालत येऊन नाव घालून गेली.

मग लीड्सहून टीव्हीची गाडी आली. तू खोलीच्या मधोमध खुर्चीत, गळ्यात पाटी, आणि तो मायक्रोफोनवाला मुलगा एकेकाला विचारत फिरला, "ईनिड गप्प आहे. कसं वाटतंय?"

एमस म्हणाला, "अशी शांतता मी युद्ध संपलं त्या सकाळी ऐकली होती."

सगडेन म्हणाला, "माझा कुत्रा दुकानाबाहेर येऊन बघून गेला, काय झालं म्हणून."

मेटकाफ बाई म्हणाल्या, "शाळेत सात वर्षं मी हेच करायला बघत होते. पैसे द्यावे लागतात, हे सुचलं नाही."

सगळे हसले. मीही हसलो. तू एकेकाच्या तोंडाकडे बघत होतीस, आणि उत्तर द्यायची तुला बंदी होती. हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. आम्हाला वाटलं, गप्प बसलेल्या माणसाला ऐकूही येत नसावं.

सात वाजता चोवीस तास भरले. टाळ्या झाल्या, आणि तू आता काय म्हणतेस म्हणून सगळे थांबले. तू तो कागद उचललास आणि वरपासून खालपर्यंत वाचलास. सगळ्यात खालची ओळ मोठ्या छापील अक्षरांत, बिनसहीची होती: "रविवार दुपारपर्यंत गप्प राहिल्यास आणखी पन्नास पाउंड. एक हितचिंतक."

तू कागद खाली ठेवलास आणि बोललीच नाहीस. शनिवारी नाही, रविवारी नाही. सोमवारी सकाळच्या बसने मोरकमला गेलीस तेव्हा ड्रायव्हरच्या हातावर नुसते सुटे पैसे ठेवलेस. त्याला वाटलं कोणी वारलं.

ती ओळ कोणी लिहिली याबद्दल गावात बरीच नावं घेतली जातात. मला त्याविषयी काही सांगता येत नाही.

समुद्रावर वारा असेल. कान झाकून फिरत जा.

तुझा भाऊ,
आर्नल्ड


थॉर्नबेक
रविवार, १६ ऑक्टोबर

प्रिय ईनिड,

तुझं कार्ड मिळालं. पुढे मोरकमचा किनारा, मागे माझा पत्ता, बाकी कोरं. दोनदा उलटून पाहिलं. पोस्टमननेही पाहिलं होतं. म्हणाला, "बरी आहे ना ती?" अक्षर तुझंच आहे आणि तिकीट सरळ चिकटवलंय, त्यावरून तू बरी आहेस असं धरून चालतो.

दुसरी बैठक झाली. सगडेन बीन्सच्या टबात बसणार. टब नाही, म्हणून एमसचं, किडीच्या औषधात मेंढरं बुडवायचं कुंड घ्यायचं ठरलं. ते औषधाने दोनदा धुवावं अशी सूचना आली, आणि मेंढरांसाठी की सगडेनसाठी यावर वीस मिनिटं गेली. मग नेहमीचं सुरू झालं.

"मला तर तो कार्यक्रमच बघवत नाही," एमस म्हणाला. "बँकेचे साहेब अंगावर कस्टर्ड ओतून घेतात आणि दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून हसतात. द्यायचेत तर द्या ना बाबांनो. पँट कशाला भिजवता?"

मेटकाफ बाई म्हणाल्या, "मुलांच्या चाकाच्या खुर्च्या सरकारने द्यायला हव्यात. आपण केक विकून देतो, म्हणून त्यांना द्यावंसं वाटत नाही."

"मग यंदा बंद ठेवू या का?" सगडेनने विचारलं.

एमसने बिस्किटांचा डबा स्वतःकडे ओढला.

"केकची फळं मी भिजत घातली आहेत," बाई म्हणाल्या.

"आणि बंद करा असं मी कुठे म्हटलं?" एमस म्हणाला. तू जाणतेसच, चौदा वर्षं तो कार्यक्रम शिव्या देत शेवटपर्यंत बघतो आणि सगळ्यात जाड पाकीट त्याचंच असतं.

मला स्वतःला काय वाटतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. प्रभूने सांगितलं की दान गुपचूप करावं, आणि इथे तर घंटा वाजवून आकडा वर चढतो. नाचगाणं चालू असतं, मग दिवे मंद होतात, आणि एका आजारी मुलीची गोष्ट दाखवतात. मला माहीत असतं, आता रडवणार. मी खुर्चीचे हात घट्ट धरतो, आणि रडतो. लगेच कोणीतरी रंगीत कोट घालून उड्या मारत येतं, आणि मला माझ्याच रडण्याचा राग येतो. दुसऱ्या दिवशी भिंत रचताना वाटतं, त्या मुलीला कोणी विचारलं असेल का, तुझ्याकडे बघून लोकांनी रडावं असं तुला वाटतं का म्हणून. आणि तरीही तिला खुर्ची मिळालीच असेल. या दोन गोष्टी माझ्या मनात भिंतीच्या दोन बाजूंसारख्या समोरासमोर उभ्या आहेत, आणि मध्ये काय भरावं ते सुचत नाही.

पूर्वी तू शेजारी बसून बोलायचीस. "हिचा फ्रॉक बघ, टीप किती बारीक घातली आहे. आईनेच शिवला असणार. आणि हे केस कोणी विंचरले? बापाने. भांग बघ." आणि ती मुलगी एकदम कोणाच्या तरी घरची होऊन जायची. तेव्हा मी म्हणायचो, "ईनिड, जरा ऐकू दे."

सगळ्यांनी मिळून तुला एक माफीचं कार्ड पाठवायचं ठरवलं आहे. कार्ड आणलं, त्यावर मेंढरू आहे, दुकानात दुसरं नव्हतं. पण पहिली सही कोणी करायची यावर गाडं अडलं. मेटकाफ बाई म्हणाल्या, "ज्याचा दोष सगळ्यात मोठा, त्याने पहिली करावी." असं म्हणून त्या चष्मा पुसत बसल्या. चॅपेलच्या चाव्या माझ्याकडे असतात, म्हणून कार्डही माझ्याकडेच राहिलं आहे. ते टेबलावर आहे. मेंढरू माझ्याकडे बघतं.

आर्नल्ड


थॉर्नबेक
मंगळवार, १ नोव्हेंबर

प्रिय ईनिड,

दुसरंही कार्ड मिळालं. कोरं. या वेळी तिकीट थोडं तिरकं होतं. त्यावरून मी रात्रभर विचार केला.

आज मंगळवार आहे, आणि मी तुला रविवारी लिहितो, तेव्हा काहीतरी झालं आहे हे तू ओळखलंच असशील.

काल मी चॅपेलच्या दारावर नवीन पाटी लावली: "कृपया पाय पुसून आत यावे." मोठ्या छापील अक्षरांत, माझ्या नेहमीच्या. मेटकाफ बाई आल्या, पाय पुसले, पाटी वाचली. मग आत जाऊन तुझा गेल्या वर्षीचा कागद वाचू लागल्या. तो सगडेनने चौकटीत घालून भिंतीवर टांगला आहे, गावचा विक्रम म्हणून. मी झाडू घेऊन उभा होतो.

"आर्नल्ड," त्या म्हणाल्या, "तुझ्या आर अक्षराचा पाय अजून हवेतच आहे. त्रेपन्न साली मी सांगितलं होतं, तो जमिनीला टेकव म्हणून."

"हो बाई."

"हे मी गेल्या नोव्हेंबरातच ओळखलं होतं. वर्षभर थांबले. वाटलं, मुलगा आपणहून हात वर करील."

"बाई, मी..."

"मला नको सांगूस. मी काय, तुझे आर वाईटच असतात हे जाणते. जिला सांगायचं तिला सांग."

तर सांगतो. ती ओळ मी लिहिली होती, ईनिड.

कारण लिहितो, सबब म्हणून नाही. रविवारी चॅपेलला जाण्याआधी मी स्वयंपाकघरात पाच मिनिटं डोळे मिटून बसतो. हे तुला ठाऊक आहे, कारण त्याच पाच मिनिटांत तू मला एमसच्या बहिणीच्या गुडघ्याविषयी सांगतेस. मला एक रविवार शांत हवा होता. देवाशी दोन शब्द बोलावेत, त्याचे दोन ऐकावेत, एवढंच. कोटासाठी ठेवलेले पन्नास पाउंड होते. नाव घातलं नाही, कारण हे गुप्तदान आहे असं मी मनाला सांगितलं. खरं कारण तूही जाणतेस.

तो रविवार मला मिळाला. तू समोर बसून टोस्टला लोणी लावत होतीस, ओठ मिटून. मी डोळे मिटले. घड्याळ ऐकू आलं. तुझी सुरी ऐकू आली. देव काही बोलला नाही. त्यानंतर अठ्ठेचाळीस रविवार झाले, घर तळघरासारखं शांत आहे, आणि तो अजून एक अक्षर बोललेला नाही. आता मला वाटू लागलं आहे की इतकी वर्षं तो त्या गुडघ्याविषयीच बोलत असावा, आणि मी डोळे मिटून बसलो होतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला त्याविषयी काही सांगता येत नाही. ते खोटं नव्हतं. सांगता येत नव्हतं.

तुझ्या खोलीतल्या पडद्यांवरची धूळ झाडतो अधूनमधून. तू परत यावंस असं मला फार वाटतं. हे वाक्य मी तिसऱ्या कागदावर लिहितो आहे. पहिल्या दोन कागदांवर त्याच्या जागी बॉयलर होता.

आर्नल्ड


थॉर्नबेक
रविवार, १३ नोव्हेंबर

प्रिय ईनिड,

तुझं पाकीट उघडलं आणि आत अक्षरं दिसली, म्हणून आधी खाली बसलो.

वर्गणीचाच कागद, आणि त्यावर तुझ्या हाताने: "आर्नल्ड बोलेल. शुक्रवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. विषय कोणताही. एक मिनिटाहून जास्त थांबला तर संपलं." आणि खाली पहिलंच नाव तुझं, पन्नास पाउंड.

बाकी एक शब्द नाही. राग गेला का, पत्र वाचून काय वाटलं, काही नाही. मी कागद उजेडाकडे धरूनही पाहिला.

घडी घालून खिशात ठेवणार होतो, पण पोस्टमन दारातच उभा होता. दोन कोरी कार्डं पोचवल्यावर आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटतं. दुपारपर्यंत गावभर झालं. एमस भिंतीशी येऊन मला न्याहाळत राहिला.

"तू? आठ तास?"

"तसं लिहिलंय."

"गेल्या चाळीस वर्षांतलं तुझं सगळं बोलणं गोळा केलं तरी आठ तास होणार नाहीत. त्यातला अर्धा वेळ तर 'हं' आहे."

"हं," मी म्हणालो. तेवढ्याने त्याची खात्री पटली.

सगडेनने ताशी पाच पाउंड लावले. म्हणाला, "एकूण पाचच जातील." पाद्रीसाहेबांनी दहा लावले आणि मला खोकल्याच्या गोळ्या दिल्या. मेटकाफ बाई घड्याळ लावून समोर बसणार आहेत, ते शाळेच्या शर्यतींचं. लीड्सच्या टीव्हीवाल्यांना यंदा कळवायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं. "आपलं आपण बघू," म्हणाल्या.

मी विषयांची यादी करतो आहे. बॉयलर. भिंती. चॅपेलची कौलं. यापुढे यादी जात नाही. रात्री अंथरुणात मोठ्याने बोलून पाहिलं. सहा मिनिटं झाली आणि माझाच आवाज ऐकून मी दचकलो.

तू येशील की नाही, ते तू लिहिलेलं नाहीस. मी विचारणार नाही. अकराची बस आता पाव तास उशिरा सुटते, आणि लँकेस्टरला गाडी बदलायला जिना चढावा लागत नाही, एवढं कळवून ठेवतो.

आर्नल्ड


घर, स्वयंपाकघर
शनिवार, २६ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ईनिड,

तू वर आहेस आणि फिलिसशी फोनवर बोलते आहेस. मी खाली आहे. काल संध्याकाळपासून तुला एक गोष्ट सांगायची आहे, पण फट सापडत नाही, म्हणून पुन्हा पत्रच.

तू साडेचारला दारात पोचलीस असं म्हणतेस. त्याआधी काय झालं ते तुला इतर लोक सांगतील, आणि एमस सांगेल ते खरं नसेल.

अकराला सुरुवात केली. बॉयलरवर पन्नास मिनिटं बोललो. सगडेन पंचविसाव्या मिनिटाला झोपला. मग भिंतींवर आलो, आणि तिथे मला वाटलं त्याहून जास्त सुचलं. एक वाजता एमसच्या वडिलांपासूनच्या सगळ्या कुत्र्यांची नावं क्रमाने सांगितली. एमस मध्येच म्हणाला, "मॉस राहिला," आणि टोपी काढून बसला. दोनला बसचं वेळापत्रक म्हटलं, जातानाचं आणि येतानाचं. साडेतीनला मी रिकामा झालो. समोर तुझी खुर्ची होती. तिच्यात यंदाही कोणी बसलं नव्हतं.

मग मी सांगितलं की आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि तू चौदाची. घरात लोक कुजबुजत होते. बाबा कोळशाच्या खोलीत जाऊन बसले होते. मला रडता येईना आणि बोलताही येईना. तू माझ्याजवळ येऊन बसलीस आणि बोलायला लागलीस. पडद्याच्या रंगावर, आलेल्या बायकांच्या टोप्यांवर, आपल्या मांजरीला वारा आवडतो की नाही यावर. तीन दिवस थांबली नाहीस. माझ्या वाट्याचंही तूच बोललीस. पुढे ती दोघांची सवय झाली, आणि लोक म्हणू लागले की एक बडबडी निघाली आणि एक मुका.

मी म्हणालो, आमच्या कामात भिंत बाहेरून मोठ्या दगडांची दिसते. तिच्या दोन बाजू असतात, आणि ती उभी राहते ती मधल्या पोकळीत भरलेल्या बारीक खड्यांवर. नवशिक्याला ते खडे भरायचा कंटाळा येतो. दिसत तर नाहीत. तिसऱ्या हिवाळ्यात भिंत पोट काढते आणि बसते. या गावातले खडे आपण गेल्या वर्षी उपसून काढले, आणि त्यासाठी वर पैसे मोजले. सगळ्यात जास्त मी मोजले. ती शेवटची ओळ माझी होती.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं, ईनिड. तू दाराआड होतीस की अजून बसमध्ये, मला ठाऊक नव्हतं. हीच ती गोष्ट. तू तिथे आहेस म्हणून मी बोललो नाही. तुला हे कळावं एवढंच हवं होतं.

मग पुन्हा आई गेली त्या दिवसाकडे वळलो. फक्त एवढं म्हणालो, "ते साल पंचावन्न होतं. मंगळवार होता." आणि थांबलो. मेटकाफ बाईंनी घड्याळाकडे बघायला सुरुवात केली. त्यांचे ओठ हलत होते: चाळीस, पंचेचाळीस. सगडेन जागा झाला. बाई इतक्या सावकाश मोजत होत्या की शाळेत असं मोजलं असतं तर मीही शर्यत जिंकलो असतो. पन्नास. पंचावन्न.

"छप्पन साल," मागून आवाज आला. "आणि मंगळवार नव्हता, बुधवार होता."

सगळे वळले. तू दारात, हातात सूटकेस, कानावर टोपी.

"बुधवारी दुपारी दुकानं बंद असतात," तू म्हणालीस, "तरी सगडेनच्या वडिलांनी मागचं दार उघडून आम्हाला अख्खं हॅम दिलं होतं, पैसे घेतले नाहीत. हे नको सांगायला? याला सांगायला लावलं की हा असा. सरका. आणि हा टेबलक्लॉथ कोणी निवडला?"

मग तू बसलीस, आणि सातपर्यंतचं तूच बोललीस. ते माझ्या आठ तासांत धरायचं की नाही यावर वाद झाला. बाईंनी निकाल दिला की घर एकच आहे.

एमस मात्र बराच वेळ टोपी हातात फिरवत तुझ्यासमोर उभा राहिला, ते तू पाहिलंस.

"ईनिड, मला एक तिकीट हवं होतं."

"आज पोस्ट बंद आहे, एमस."

"माहीत आहे मला."

"पत्र कोणाला लिहिणार आहेस?"

"कोणाला नाही," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

बिचारा सगडेन सहा वाजता अंगणात कुंडात जाऊन बसला होता. बघायला कोणीच बाहेर आलं नाही, सगळे आत तुझं ऐकत होते. सव्वासातला तो टॉवेल गुंडाळून, केसांत बीन्स घेऊन आत आला आणि म्हणाला, "संपलं का?" तोवर टीव्ही लावला होता. एमस शिव्या देत होता. दिवे मंद झाले आणि पायाला पट्ट्या बांधलेला तो मुलगा आला. मी खुर्चीचे हात शोधू लागलो, तेवढ्यात तू म्हणालीस, "त्याच्या स्वेटरचा हात बघा. एक लांब, एक आखूड. आजीने विणलाय, आणि दुसरा हात विणताना मापाला पोरगं जागेवर बसलं नसणार. धावतं पोर आहे ते." मग तो मुलगा पट्ट्यांसकट पडद्यावर धावला. एमसने नाक शिंकरलं. मी रडलो, पण या वेळी राग आला नाही. कार्यक्रमाविषयी माझं मत तेच आहे. बँकेचा साहेब पुन्हा कस्टर्डमध्ये होता.

मेंढरूवालं कार्ड या पत्रासोबत किटलीला टेकवून ठेवतो. आज सकाळी सगळे येऊन सही करून गेले, पोस्टमनसुद्धा. पहिली सही माझी आहे. आरचा पाय बघ, जमिनीला टेकवला आहे.

उद्या रविवार. मी पाच मिनिटं बसेन. एमसच्या बहिणीच्या गुडघ्याचं आता कसं आहे, ते मला ऐकायचं आहे.

तू फोन ठेवलास. जिन्यावरून हाक मारते आहेस, "आर्नल्ड, काय लिहितोयस?" आणि उत्तराला न थांबता लँकेस्टरच्या त्या गाडीविषयी सांगू लागली आहेस, जिना होताच, चांगल्या बत्तीस पायऱ्यांचा होता म्हणून.

मी ऐकतो आहे.

आर्नल्ड